शंभर वर्षांपूर्वीचा बेसबॉल कॅप्टन, पुण्यात प्रिंट आणि फ्रेम : काम झकास, फक्त चेहरा ‘उजळ’ करू देऊ नका

ज्यांना एवढं लांब वाचायचं नाहीये त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, प्रिंट एक नंबर, फ्रेम त्याहून छान, भाव पुण्याच्या मानाने ठीकठाक, पण फाइल दिल्यावर कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलाच्या शेजारी जाऊन उभं राहा आणि त्याला एकाही बटणाला हात लावू देऊ नका. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कशाचे कापले ते खाली येईलच. दुकानाचं नाव लिहीत नाहीये, मालक काका माणूस म्हणून चांगले आहेत आणि जे झालं ते शहरातल्या कुठल्याही फोटो लॅबमध्ये होऊ शकतं, त्यामुळे नावापेक्षा काय मागायचं आणि कशाला नाही म्हणायचं हे कळलं तर जास्त उपयोग होईल. बाजीराव रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे, एवढं पुरे.

फोटो कुणाचा ते सांगायला हवं नाहीतर पुढची भांडणं कळणार नाहीत. माझा आतेभाऊ बरीच वर्षं शिकागोला होता आणि तिथे त्याला शिकागो कब्स या बेसबॉल टीमचं जे वेड लागलं ते अजून उतरलेलं नाही. २०१६ ला कब्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली शेवटची लढत, जिंकले ना, तेव्हा दादा सुट्टीवर इथे आला होता, भाऊबीज नुकतीच झालेली, सकाळचे दहा वाजून गेलेले, समोर चकल्या तशाच आणि हा मोबाइलकडे बघत रडतोय. आत्या घाबरली, तिला वाटलं नोकरी गेली. क्लीव्हलँडशी शेवटची मॅच, नेहमीच्या नऊऐवजी दहाव्या इनिंगपर्यंत गेलेली, ८-७ ने जिंकले आणि ते सुद्धा तब्बल १०८ वर्षांनी. जपमाळेचा आकडा! दादा म्हणतो बेसबॉलच्या चेंडूवर टाक्यांच्या जोड्याही १०८ च असतात, हे तो दरवेळी सांगतो आणि दरवेळी आपण पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करायचा असतो.

तर आता त्याने बाणेरला फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला काय द्यायचं हा प्रश्न. गणपती त्याला किमान पाच जण देणार, भिंतीवरची घड्याळं तेवढीच. मला जुन्या फोटोंचा नाद आहे, मग ठरवलं की २०१६ च्या १०८ वर्षं आधी, म्हणजे १९०८ ला कब्सना जिंकवणारा जो माणूस होता त्याचाच फोटो मोठा करून द्यायचा. तो माणूस म्हणजे फ्रँक चान्स.

आपल्याकडे हे नाव कुणाला माहीत असायचं काही कारण नाही, मलाही दादामुळेच माहीत. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा, १८९८ ला शिकागोच्या टीममध्ये आला तो कॅचर म्हणून, म्हणजे साधारण आपल्या विकेटकीपरच्या जागेवर. मग फ्रँक सेली नावाच्या मॅनेजरने त्याला तिथून उचलून फर्स्ट बेसवर, म्हणजे बॅट्समन पळत पहिल्यांदा जिथे पोचतो त्या जागेवर, फील्डिंगला उभं केलं. १९०५ मध्ये सेली क्षयाने आजारी पडला आणि चालू सीझनमध्येच टीम चान्सच्या हातात आली, तेव्हा त्याची तिशीसुद्धा झाली नव्हती. आणि मॅनेजर म्हणजे नुसता डगआउटमध्ये बसून बोटं दाखवणारा नाही हं, प्लेअर-मॅनेजर. कोण खेळणार ते हाच ठरवणार, पिचर, म्हणजे त्यांचा बोलर, कधी बदलायचा ते हाच सांगणार, खेळाडूंना दम हाच देणार आणि वर स्वतः बॅट घेऊन उभाही हाच राहणार. त्या काळी बेसबॉलमध्ये हे सर्रास चालायचं. कॅप्टन, कोच आणि सिलेक्टर तिघंही एकाच टोपीखाली, त्यामुळे ‘कोचने ऐकलं नाही’ वगैरे सबबी नाहीत.

दुसऱ्याच वर्षी, १९०६ ला, याच्या टीमने ११६ मॅच जिंकल्या आणि फक्त ३६ हरल्या. हा रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही. सिअ‍ॅटलच्या टीमने २००१ मध्ये ११६ ची बरोबरी केली पण त्यांचा सीझन जास्त लांब, १६२ मॅचचा होता. आणि गंमत म्हणजे एवढं करून १९०६ ची वर्ल्ड सिरीज हे हरले, ते पण आपल्याच गावातल्या व्हाइट सॉक्सकडून ज्यांची बॅटिंग कमकुवत म्हणून सगळे हसायचे. मग १९०७ आणि १९०८ ला लागोपाठ डेट्रॉइटला हरवलं, त्यात टाय कॉबसारखा बॅट्समन होता तरी. १९१० ला परत लीग जिंकले. शिकागोचा मॅनेजर म्हणून चान्सच्या नावावर ७६८ विजय आणि ३८९ पराभव आहेत, म्हणजे तीनातल्या दोन मॅच जिंकायच्याच असा हिशोब. लोक त्याला ‘पीअरलेस लीडर’ म्हणायचे ते उगाच नाही.

दादाला जास्त आवडते ती टिंकर, एव्हर्स आणि चान्सची गोष्ट. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे) ज्यो टिंकर, सेकंड बेसला जॉनी एव्हर्स आणि फर्स्ट बेसला हा, चेंडू या तिघांमधून फिरला की समोरचे दोघं एका झटक्यात आउट. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या एका पेपरात त्यांच्यावर आठ ओळींची कविता आली आणि तिघं कायमचे एकत्र चिकटले, १९४६ ला हॉल ऑफ फेममध्येसुद्धा, म्हणजे बेसबॉलच्या थोरामोठ्यांच्या मानाच्या यादीत, तिघांना एकदमच घेतलं. प्रत्यक्षात टिंकर आणि एव्हर्स वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते! शेजारी शेजारी उभं राहायचं, चेंडू अचूक त्याच्याच हातात द्यायचा आणि बोलायचं मात्र नाही. अशा दोघांना घेऊन हा माणूस जिंकत होता, यासाठी तरी त्याची फ्रेम व्हायलाच हवी.

आता फोटो. न्यूयॉर्कला जॉर्ज बेन नावाच्या माणसाची बातम्यांना फोटो पुरवणारी एजन्सी होती, त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह १९४८ ला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतल्या. जवळपास ४०,००० आहेत, आणि त्यात बेसबॉलवाले भरपूर. सगळं स्कॅन करून साइटवर ठेवलंय, फुकट, मोठ्या टिफ फाइलसकट, छापायला कुणाची परवानगी मागत बसावं लागत नाही. मी बराच वेळ तिथे रमले आणि चान्सचा एक छातीपर्यंतचा फोटो निवडला. टोपी कपाळावर ओढलेली, उन्हामुळे डोळे बारीक, तोंड घट्ट मिटलेलं, गालावर आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, वयाच्या मानाने जरा जास्तच. फाइल शंभर टक्क्यांवर मोठी करून बघा, टोपीची शिवण दिसते, कॉलरच्या कापडाची वीण दिसते, दाढीचे खुंट दिसतात. ही काचेची करामत. निगेटिव्हच ५ बाय ७ इंचांची, मोबाइलचा सेन्सर नखाएवढा असतो तिथे हिची काच आख्ख्या तळहाताएवढी, त्यामुळे बारीकसारीक सगळं पकडलं जातं.

आणि खालच्या बाजूला पांढऱ्या हातअक्षरात त्याचं नाव. एजन्सीतला कुणीतरी निगेटिव्हवरच शाईने नाव टाकायचा, निगेटिव्हवर जे काळं ते प्रिंटवर पांढरं येतं. बेनच्या फोटोंची ही ओळखच आहे. नावं कधी चुकीची, स्पेलिंग कधी भलतंच, बऱ्याच फोटोंवर तारीख नाही. लायब्ररीने २००८ मध्ये हे फोटो फ्लिकर या फोटोंच्या साइटवर टाकले तेव्हा जगभरच्या हौशी लोकांनी स्टेडियमच्या मागच्या जाहिराती न् टोप्यांवरची चिन्हं बघून बघून कित्येक फोटोंची माणसं आणि वर्षं शोधून दिली. रिकामटेकडे म्हणा हवं तर, मला तर अशी माणसं फार आवडतात.

फाइल घेऊन दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅप करा ना मॅडम. ही पहिली धोक्याची घंटा, लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की फाइलचा पार चोथा होतो, १० बाय १४ इंचांचा प्रिंट नीट यायला साधारण ३००० बाय ४२०० पिक्सल तरी हवेत आणि व्हॉट्सअ‍ॅप ते बरेच कमी करून टाकतं. मी पेन ड्राइव्ह दिला. त्याने जरा नाखुशीनेच घेतला.

साइजचा घोळ त्याच्यानंतरचा. ५ बाय ७ च्या निगेटिव्हचं प्रमाण १० बाय १४ ला बरोबर बसतं, पण दुकानात तयार फ्रेम असतात ८ बाय १०, १२ बाय १५, १२ बाय १८ अशा. तो मुलगा १२ बाय १८ चा हट्ट धरून बसला, बाजूने थोडं कट होईल मॅडम, काही कळत नाही. अहो कसं नाही कळत, बाजूने कापलं तर त्याचा खांदा जातो आणि खालून कापलं तर नाव जातं! शेवटी आतून काका आले, मोठ्या चष्म्यातून स्क्रीनकडे बघितलं आणि मला विचारलं, “आजोबा का तुमचे?”

मी म्हणलं नाही हो, अमेरिकेतला बेसबॉलचा कॅप्टन आहे, मला नातेवाईक नाही. काका म्हणाले, “नाही, हाराला वर खिळा ठेवायचा का ते विचारायचं होतं, नंतर मारला की काच तडकते.” एकदम सरळ चेहऱ्याने. फ्रेमवाल्यांकडे काळा-पांढरा फोटो आणि त्यात टोपीवाला गंभीर माणूस आला की तो गेलेलाच असणार आणि त्याला हार लागणारच, हे धंद्याचं गणित आहे आणि बरोबरही आहे म्हणा, चान्स १९२४ लाच गेला, पन्नाशीसुद्धा गाठली नाही. खिळा नको म्हणून सांगितलं.

पण काकांनी साइजचा प्रश्न एका मिनिटात सोडवला. प्रिंट १० बाय १४ च काढायचा, चारी बाजूंनी ऑफव्हाइट माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, द्यायचा, त्याची खालची पट्टी वरच्यापेक्षा बोटभर जास्त म्हणजे फोटो खाली घसरल्यासारखा वाटत नाही, आणि फ्रेम त्या मापाने बनवायची. तयार फ्रेमपेक्षा पैसे थोडे जास्त पडतात पण कापाकापी नाही. हे सांगणारा माणूस दुकानात आहे यासाठी एक स्टार आख्खा.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. ठरल्या दिवशी गेले तर मुलाने हसतमुखाने प्रिंट पुढे केला आणि मी बघतच राहिले. समोर जो होता तो चान्स नव्हताच. चेहरा गुळगुळीत, सुरकुत्या गायब, दाढीचे खुंट गायब, डोळे चमकदार, रंग चांगला दोन शेड गोरा, थेट लग्नाच्या बायोडेटावरचा फोटो. खालचं पांढरं नाव पुसलेलं. काचेच्या कडेला इमल्शन, म्हणजे फोटो ज्यात उमटतो तो थर, थोडं निघालं होतं तिथे सुंदर राखाडी पार्श्वभूमी भरलेली. वर सगळ्याला चहासारखी तपकिरी झाक. मी विचारलं हे काय केलं, तर म्हणतो कसा, “मॅडम, चेहरा फार काळा येत होता, जरा उजळ केला. आणि खाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं ते पण काढलं. एक्स्ट्रा चार्ज नाही त्याचा.”

एक्स्ट्रा चार्ज नाही!

मुलाचा दोष म्हणावा तर तसाही नाही, दिवसभर पासपोर्ट फोटो आणि प्री-वेडिंगची कामं करणारा तो, त्याच्याकडे येणारा प्रत्येक माणूस जरा गोरं करा म्हणूनच येतो. पण इथे तो काळा चेहरा का आहे ते समजून घ्या, गमतीशीर आहे. त्या काळच्या साध्या काचेच्या प्लेटला निळा रंग भरपूर दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे निळं आकाश पांढरंफट्ट येतं, निळे डोळे काचेच्या गोट्यांसारखे फिके येतात आणि उन्हाने रापलेली लालसर कातडी गडद येते, एकेक सुरकुती न् एकेक वांग उठून दिसतो. रोज दुपारी भर उन्हात उभं राहणारा माणूस, त्या वेळी मॅचेस दिवसाच व्हायच्या, लाइट्स नव्हते. म्हणजे तो जो काळपटपणा आहे त्यात निम्मं ऊन आहे आणि निम्मी केमिस्ट्री. तेच पुसलं तर उरलं काय?

आणि त्या सुरकुत्या. चान्स बॅटिंगला प्लेटला, म्हणजे बॅट्समनजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीला, इतका चिकटून उभा राहायचा की पिचरचे चेंडू त्याच्या अंगावर, डोक्यावर बसायचे, करिअरमध्ये शंभराहून जास्त वेळा चेंडू लागलाय त्याला. लागला की फुकट बेस मिळतो, म्हणून हा हलायचाच नाही. हेल्मेट नावाची गोष्ट नव्हती, कापडी टोपी फक्त. १९२० मध्ये तर रे चॅपमन नावाचा खेळाडू डोक्याला चेंडू लागून गेला, त्यानंतरही हेल्मेट सगळ्यांच्या डोक्यावर यायला कितीतरी वर्षं गेली. चान्सला पुढे भयंकर डोकेदुखी सुरू झाली, ऐकू कमी यायला लागलं, १९१२ ला डोक्याचं ऑपरेशन करावं लागलं आणि त्याच वर्षी मालक चार्ल्स मर्फीशी बिनसून शिकागो पण सुटलं. मग न्यूयॉर्कला यँकीजचा मॅनेजर झाला, पण ती सर परत आली नाही. हे सगळं त्या बारीक केलेल्या डोळ्यांत दिसतं असं मी म्हणणार नाही, फोटोत तेवढं दिसत नसतं, ऊन लागलं की कुणीही डोळे बारीक करतो. पण ज्या चेहऱ्याने इतकं सोसलंय त्याला फेअरनेस क्रीम लावायचा हक्क आपल्याला कुणी दिला, एवढाच माझा मुद्दा.

दुकानाने प्रिंट परत काढून दिला. पण कागदाचे पैसे पुन्हा घेतले, निम्मे का होईना. मी न सांगता केलेल्या कामाचा भुर्दंड मलाच, हे मला पटलं नाही आणि तिथेच एक स्टार गेला. उरलेला अर्धा का गेला तर दुसरा प्रिंट आधी हिरवट आला होता. काळा-पांढरा फोटो रंगीत शाया मिसळून छापला की असं होतं, ट्यूबलाइटखाली ठीक वाटतो आणि बाहेर उजेडात नेला की कुठे हिरवा कुठे गुलाबी. म्हणून प्रिंट हातात आला की तो घेऊन सरळ दुकानाच्या दारात जा आणि दिवसाच्या उजेडात बघा. आणि सांगताना सांगा की ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये, राखाडी शायांवर काढा. मशीन चांगलं आहे त्यांचं, पिगमेंट इंकवालं, त्याला येतं सगळं, सांगावं लागतं एवढंच. तिसऱ्यांदा जो आला तो बघून मी तिथेच भांडण विसरले. काळा अगदी खोल काळा, टोपीच्या सावलीतसुद्धा कपाळ वेगळं कळतंय, कॉलरची वीण बोटाने चाचपून बघावीशी वाटते, आणि खाली ते पांढरं वेडंवाकडं नाव.

कागद कॉटनचा मॅट घेतला. ग्लॉसी नको हं, काचेच्या निगेटिव्हवरून आलेल्या फोटोला ग्लॉसी म्हणजे कॅलेंडर होतं. डिफॉल्ट काय करतात आपल्याकडे माहितीये ना, प्रिंटवर लॅमिनेशन मारायचं आणि सनबोर्डवर फासून टाकायचं. दहा वर्षांनी कडेने फुगतं आणि काढताही येत नाही. मी काकांना म्हणलं की चिकटवू नका, नुसता वरच्या बाजूला दोन टेपवर लटकता ठेवा, म्हणजे पावसाळ्यात कागद थोडा फुगला तरी त्याला खाली सरकायला जागा राहील. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले पूर्वी आम्ही असंच करायचो, आता घाई असते सगळ्यांना. माउंट बोर्ड अ‍ॅसिड-फ्री मागा, साधा घेतला तर काही वर्षांत माउंटला कापलेल्या खिडकीच्या कडा पिवळ्या पडतात. मागे हार्डबोर्ड आणि त्यावर चारी बाजूंनी ब्राउन टेप, एकही फट नको, नाहीतर कसर आत शिरते आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी.

काच साधीच घेतली. चमक न मारणारी काच म्हणून जी मिळते ती माउंटमुळे फोटोपासून थोडी लांब राहते आणि सगळं धुरकट दिसतं, दुकानात दोन्ही ठेवून बघितलं, फरक लगेच कळतो. फ्रेमच्या पट्टीत मात्र मी बराच वेळ घालवला. फायबरच्या सोनेरी नक्षीवाल्या शंभर प्रकारच्या आहेत, देवांच्या फोटोंना छान दिसतात, या माणसाला नाही. लाकडाची पाऊण इंची काळी, बिनपॉलिशची निघाली कोपऱ्यातून. कोपऱ्यांचे जोड इतके बेमालूम की नख फिरवलं तरी अडकत नाही. याला म्हणतात हात. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत पडलं, ते कागदाचे निम्मे धरून.

थांबलेले असताना एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली, विषयांतर आहे पण लिहिते. हा चान्स शिकागोत टीम चालवत होता साधारण त्याच वर्षांत, १९११ ला, आपले पळवणकर बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून जास्त विकेट काढत होते. पुण्यातच वाढलेला बोलर, जिमखान्यावर पीच रोल करायचं, नेट लावायचं काम करता करता साहेबांना बोलिंग टाकून तयार झालेला. आणि तिकडे तिशीच्या आत माणसाला सगळी टीम सोपवली, इकडे बाळूंना जातीमुळे हिंदूंच्या टीमचं कॅप्टनपद शेवटपर्यंत मिळालं नाही, मिळालं ते त्यांच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये. त्यांचा असा फोटो, टोपीची शिवण मोजता येईल असा, मला हवाय. जे नेटवर सापडतात ते जुन्या छापील पानांवरून घेतलेले, ठिपक्याठिपक्यांचे, १० बाय १४ ला नेले की नाकाच्या जागी नुसती जाळी. कुणाच्या माळ्यावर, कुठल्या जिमखान्याच्या कपाटात चांगला प्रिंट पडलेला असेल तर कृपा करून स्कॅन करा हो, ६०० डीपीआयला, आणि उजळ करू नका. पैसे मी देते.

दादाला फ्रेम आवडली का? वास्तुशांतीच्या गर्दीत त्याने कागद फाडला आणि पहिलं काय केलं तर फ्रेम खिडकीशी नेऊन खालचं नाव वाचलं. मग जेवणाची पंगत बसेपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला ११६ मॅचची गोष्ट. वहिनी म्हणाली, हॉलमध्ये नको, पाहुणे विचारतील कुणाचे सासरे म्हणून. त्यांच्यात तह होऊन फ्रेम स्टडीत लागली. मी एवढंच सांगितलं की बाहेरच्या भिंतीवर लावू नका, नव्या बिल्डिंगमध्ये पहिल्या पावसाळ्यात ओल कुठून येईल सांगता येत नाही, आणि पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको.

आणि दुकानात जाणार असाल तर एक, गाडी नेऊ नका, त्या भागात सम-विषम तारखांचं पार्किंग आहे आणि ज्या बाजूला जागा दिसते ती नेमकी त्या दिवशी चुकीची असते. फ्रेम आणताना स्कूटरवर पायाशी उभी ठेवून आणता येईल असं काका म्हणतील, त्यांचं ऐकू नका, रिक्षा करा. बबल रॅप मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितला की देतात, त्याचे पैसे लावत नाहीत.